तपास लंच

सकाळपासून मी 'मी' म्हणते आहे
आणि त्यात मी कुठेच नाही.
"मी व्हॅलेन्सियाहून आले," म्हणाले.
कुठली आले! पुण्याहून, रात्रीच्या स्लीपरनं,
वरच्या बर्थवर, पायाशी कुणाची तरी कॅरमची पाटी.
"मी सव्वीस वर्षं केळीच्या पानावरचे डाग बघते आहे."
छे. मला केळं सोलता येतं, इतकंच.

जळगाव. केळी-परिषद. मार्चअखेर, पारा एक्केचाळीस.
काचेच्या खोक्यात, कानाला हेडफोन.
डॉक्टर आम्पारोंचा आवाज माझ्या घशातून जातो
ठिबकच्या नळीतून पाणी जावं तसा, थेंब थेंब.
नळीला तहान लागते का,
हे कुणी विचारत नाही.

दीड वाजता गाडी भुसावळ रस्त्याला लागली.
धाब्याच्या दारात फळा, फळ्यावर खडूनं:
आजचा तपास लंच.
"तापास," मी सुधारलं. उगाच. सवय.
सुपडूभाऊ बाविस्कर हात पुसत बाहेर आले.
"ताई, तापी तिकडे शे, ताप डोकावर शे,
आते तपास बी करी ल्या."

अकरा वर्षं मालागाच्या एका हॉटेलात.
आधी भांडी, मग कांदा, मग कुठे तवा हातात.
आणि ते आम्पारोंशी बोलू लागले,
अस्सल स्पॅनिश, फक्त वाक्याच्या शेवटी
अहिराणीचा हेल, बैल वळवावा तसा.
दोघांच्या मध्ये मी, रिकामी,
शेजारच्या खुर्चीत ठेवलेल्या पर्ससारखी.

वाट्या येऊ लागल्या. बशा. पुन्हा वाट्या.
आधी मिरच्या, तेलात फोड आलेल्या, वर खडेमीठ.
"आमच्याकडे दहांत एखादी तिखट निघते," आम्पारो म्हणाल्या,
"नशिबाचा खेळ."
सुपडूभाऊ माझ्याकडे वळून हळूच:
"आठे खेळ नही."
मग बटाट्याचं जाड ऑम्लेट, केकसारखं कापलेलं,
शेंगदाण्याच्या तेलातलं. ऑलिवचं परवडत नाही,
आणि परवडलं तरी त्याला इथली हवा मानवत नाही म्हणे.
टोमॅटोचं गार सूप स्टीलच्या पेल्यात,
पेल्यावर पावाची चकती.
तापा म्हणजे झाकण, माशी पडू नये म्हणून.
माशी होतीच. चकतीवर बसून
तिनंही लंच उरकला.

शेवटी वांगी. बामणोदची, हंगामातली अखेरची,
कपाशीच्या काड्यांवर भाजलेली.
ठेचली नव्हती. बोटांनी लांब लांब फाडलेली,
वर लसूण आणि तेलाची धार.
आम्पारोंनी घास घेतला आणि त्या थांबल्या.
मी सवयीनं सावरून बसले,
पण गप्प बसण्याला आपल्याकडे काय म्हणायचं?
"मी माद्रे," म्हणाल्या.
त्यांच्या भाषेत मी म्हणजे माझी.
"माय," म्हणाले सुपडूभाऊ,
आणि दोघांनीही मान हलवली.
माझ्याकडे कुणी पाहिलं नाही.

मी खात होते.
बोटं चाटत, पाव पुसत, वाटी तिरकी करून.
आजवर कितीजणांच्या मेजवान्यांत
मी थंड झालेला भात खाल्ला आहे,
शेवटी, उभ्यानं, भाषण संपल्यावर.
"मला अजून एक मिरची," म्हणाले मी.
दिवसातला पहिला 'मला',
ज्याचं पोट माझं होतं.

साडेतीनचं सत्र.
पडद्यावर करपलेली पानं, एकामागून एक,
"मी हे माझ्या डोळ्यांनी पाहिलं," मी सांगत होते,
आणि त्या एका मिरचीनं माझा आवाज भरून आला,
नाक, डोळे, सगळं वाहू लागलं.
पहिल्या रांगेतले झोपे सर
जेवणानंतरही आडनावाला न जागता टक्क जागे.
चहाच्या वेळी मुद्दाम काचेपाशी आले.
"ताई, फार मनापासून बोललात."

मी हो म्हणाले.
आणि दोन ग्लास पाणी मागितलं.